काठावरचं बहुमत आणि वरची वाडी

वहिनींच्या मोबाइलवर ओटीपी आला, तो त्यांच्या आधारचा. दुसरा, नवऱ्याच्या आधारचा, गेला त्रिशूरला. तिथं माझा थोरला चुलतभाऊ गलाईच्या दुकानात भट्टीपुढं बसलेला, आणि त्याचा फोन बाहेर काउंटरवर. तीनदा रिंग वाजून बंद झाली. वहिनी परसातल्या कट्ट्यावर उभ्या होत्या. रेंज तेवढ्या एकाच जागी येते. ‘लाडकी बहीण’ची केवायसी करायची तर नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार लागतो, आणि आमच्या घाटमाथ्यावर घरटी एक तरी पुरुष केरळात नाहीतर तमिळनाडूत सोनं-चांदी गाळत असतो.

आज रविवार, २३ नोव्हेंबर २०२५. गेल्या वर्षी याच तारखेला विधानसभेचा निकाल लागला होता. तेव्हाही मी माहेरीच होते, याच घरात. म्हणून आज सकाळपासून मनात एकच हिशोब चाललाय. एवढं मोठं बहुमत दिलं, त्याचं वर्षभरात काय झालं, आणि काय व्हायचं राहिलं?

आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. खाली गावठाण, आणि तिथून टेक चढून गेलं की वरची वाडी. खालच्या शिवारात टेंभू उपसा योजनेचं पाणी येतं, कृष्णेतून पंपानं उचललेलं. वाडीला येत नाही. दोन्हींमध्ये चालत अर्ध्या तासाचं अंतर आहे, पण एकीकडं द्राक्षबागा आणि ऊस, दुसरीकडं अजून शाळू, मटकी आणि उन्हाळ्यात टँकर. आमचं मूळ घर वाडीतलं. खाली राहायला आलो ते पाण्यासाठीच, मी सातवीत असताना. तोवर मी आणि आई पहाटे विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरायचो. घागर भरेतोवर दिवस उगवायचा. हे आठवणीतलं दुःख सांगायला लिहीत नाही. वाडीतल्या काही घरांत ते अजून संपलेलं नाही, म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षीचा तो शनिवार. तात्या, म्हणजे माझे चुलते, सकाळी सातलाच टीव्हीपुढं बसले होते. दहापर्यंत चित्र स्पष्ट झालं, दुपारपर्यंत विट्याच्या रस्त्यानं गुलालाच्या गाड्या सुरू झाल्या. भाजपला १३२, शिंदेंच्या शिवसेनेला ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीला ४१. तिघांचे मिळून २३० आमदार, २८८च्या सभागृहात. समोर काँग्रेस १६, उद्धव ठाकरेंची शिवसेना २०, शरद पवारांची राष्ट्रवादी १०. तात्यांनी वहीच्या मागच्या पानावर बेरीज मांडली आणि बराच वेळ ते त्या आकड्यांकडं बघत राहिले. त्यांनी मत दिलेला उमेदवार निवडून आला होता, तरी त्यांच्या चेहऱ्यावर नुसता आनंद नव्हता. “लई झालं गं,” एवढंच म्हणाले.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात तर आठच्या आठ जागा महायुतीला गेल्या. कराड दक्षिणेत माजी मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण पडले, कराड उत्तरेत बाळासाहेब पाटील पडले. यशवंतराव चव्हाणांचं कराड! आमच्या सांगलीत आठांपैकी पाच महायुतीला, तीन विरोधकांना. इस्लामपूरला जयंत पाटील, पलूस-कडेगावला विश्वजित कदम, आणि तासगाव-कवठेमहांकाळला आर. आर. आबांचा मुलगा रोहित, पंचविशीतला, सभागृहातला सगळ्यात तरुण आमदार. आमच्या खानापूर मतदारसंघात सुहास बाबर निवडून आले. त्यांचे वडील अनिलभाऊ टेंभूसाठी आयुष्यभर झगडले आणि २०२४च्या जानेवारीअखेर गेले. त्या मतांमध्ये पाण्याचं ऋण किती आणि पक्ष किती, हे आमच्या भागात सांगावं लागत नाही.

मग वाट बघणं सुरू झालं. मुख्यमंत्री कोण, यातच बारा दिवस गेले. एकनाथ शिंदे महाबळेश्वर तालुक्यातल्या आपल्या दरे गावी येऊन राहिले, त्याच्याच बातम्या आठवडाभर. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीसांचा शपथविधी झाला, १५ डिसेंबरला नागपुरात ३९ मंत्र्यांचा. साताऱ्याला चार मंत्री मिळाले: शिवेंद्रराजे भोसले, शंभूराज देसाई, जयकुमार गोरे, मकरंद पाटील. सांगलीला एकही नाही. पालकमंत्री ठरायला १८ जानेवारी उजाडली, तेही बाहेरच्या जिल्ह्यातले, चंद्रकांत पाटील. टेंभू गाव कराड तालुक्यात, म्हणजे पाणी उचलतात ते साताऱ्यात, आणि मंत्रीही सगळे साताऱ्यातच राहिले. हे तात्यांनी तेव्हा म्हटलं नाही, मीच मनात म्हटलं.

पण खरं ते खरं. या बहुमतानं एक मोठी गोष्ट दिली, आणि ती मी हलकी मानत नाही. सरकार पडेल ही धास्ती गेली. २०१९ ते २०२४च्या त्या पाच वर्षांत राज्यानं तीन मुख्यमंत्री बघितले, दोन पक्ष उभे चिरलेले बघितले. सिंचनाचं काम दहा-दहा वर्षांचं असतं. सरकार बदललं की फाईल थांबते, नवा मंत्री आढावा घेतो, सुधारित मान्यता पुन्हा वर जाते. विस्तारित टेंभूचं वाढीव ८ टीएमसीचं (अब्ज घनफूट पाण्याचं) काम असो की जतच्या ६५ गावांसाठीची विस्तारित म्हैसाळ योजना, अशा कामांना आधी स्थिर सरकार लागतं. जतची ती सीमेवरची गावं पाण्यासाठी कर्नाटकात जायचा ठराव करून बसली होती. तिथं आता पाइप पडतायत, हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. उपशाच्या वीजबिलात ८१ टक्के वाटा सरकारचा आणि १९ टक्के शेतकऱ्याचा, ही सोयही टिकून आहे. ती नव्हती तेव्हा बिल थकलं म्हणून ऐन उन्हाळ्यात पंप बंद पडायचे. आज पाणीपट्टी कारखाना उसाच्या बिलातून कापून घेतो आणि आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटतं. ‘लाडकी बहीण’चे दीड हजारही बंद झाले नाहीत. निवडणूक झाली की बंद होतील, असं आमच्या गावात निम्म्या बाया म्हणायच्या.

हे सगळं जमेच्या बाजूला. तरी तात्यांचं ते ‘लई झालं’ माझ्या डोक्यातून वर्षभर गेलं नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला दिवाळीत कळलं, जेव्हा त्यांनी १९९५ची गोष्ट पुन्हा सांगितली. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, पण मन लावून ऐकली ती यंदाच.

१९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली. नागनाथअण्णा नायकवडी, सांगोल्याचे गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर. तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं. कृष्णेचं पाणी लवादानं महाराष्ट्राला वाटून दिलंय, ते २०००च्या मेअखेरपर्यंत अडवून वापरलं नाही तर पुढं हक्क सांगायला तोंड राहणार नाही, हा विचार त्या परिषदेनं गावागावांत नेला. तात्या तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, गलाईचं काम शिकून नुकतेच परत आलेले. वाडीतून एका ट्रकमध्ये चाळीस माणसं गेली होती म्हणतात. ताकारी-म्हैसाळ योजनेला १९८४ सालीच मंजुरी होती, पण काम मुंगीच्या पावलानं. टेंभू तर कागदावरही धड नव्हती. पाणी डोंगर चढून येईल यावर कुणाचा विश्वास नव्हता. लोक हसायचे.

मग १९९५ची निवडणूक आली. शिवसेना ७३, भाजप ६५. दोन्ही मिळून १३८. बहुमताला १४५ लागतात. सात कमी! आणि अपक्ष निवडून आले होते ४५. त्यात आमच्या जिल्ह्यातले बरेच, बहुतेक काँग्रेसवर रुसलेले. कडेगावचे संपतराव देशमुख त्यांतलेच. या अपक्षांनी नव्या सरकारपुढं पाठिंब्याच्या बदल्यात मागितलं ते कृष्णेचं पाणी. १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं, रोखे काढून पैसा उभा केला गेला, टेंभूला मान्यता मिळाली. काठावरच्या सरकारला कान द्यावाच लागला.

तात्या ही गोष्ट सांगतात तेव्हा कुठल्याच पक्षाचे राहत नाहीत. “सात आमदार कमी हुते म्हणून आपल्याला पानी आलं,” म्हणतात. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं नाही हे मलाही कळतं. रोख्यांचं व्याज डोईजड झालं, खर्च अनेक पटींनी वाढले, विदर्भ-मराठवाड्यानं आमचा अनुशेष तसाच ठेवून पश्चिम महाराष्ट्राला पाणी दिलं अशी तक्रार केली, आणि ती तक्रार खोटी नव्हती. पाणी प्रत्यक्ष आमच्या खालच्या शिवारात पोचेपर्यंत पुढची पंधरा-वीस वर्षं गेली, वेगवेगळ्या पक्षांची सरकारं गेली, आणि प्रत्येकानं थोडं थोडं ढकललं. पण गाडा जागचा हलला तो त्या १३८च्या वेळी.

मी इतिहास शिकवते, त्यामुळं लगेच उलटं उदाहरण शोधायची खोड आहे. ते सापडलंही, आणि तेही घरातच. १९७२ साली काँग्रेसला २७०पैकी २२२ जागा होत्या. आताच्या २३०पेक्षाही तगडं बहुमत म्हणायला हवं. त्याच वर्षी दुष्काळ पडला. आई तेव्हा चौदा वर्षांची. ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी, या दोन गोष्टींबद्दल ती आजही बोलते. सुकडीबद्दल मायेनं, मिलोबद्दल नाही. त्या खडीतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला. त्याचा विचार मांडणारे वि. स. पागे आमच्याच जिल्ह्यातले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. विधान परिषदेचे ते अठरा वर्षं सभापती होते, आणि योजना राज्याला सांगण्याआधी त्यांनी आपल्याच गावात ती करून पाहिली होती. १९७७ साली दोन्ही सभागृहांनी तो कायदा एकमतानं मंजूर केला, २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम. पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला होता. मी आजही तो भरते, पगारपत्रकावर दर महिन्याला दिसतो, आणि तो कापलेला बघून मला कधी वाईट वाटत नाही.

म्हणजे मोठं बहुमत वाईट आणि काठावरचं चांगलं, असा सरळ हिशोब मांडता येत नाही. १९७२च्या सभागृहाला कुणी पाडणार नव्हतं. पण लाखो माणसं रस्त्यावर खडी फोडत होती, विरोधी बाकांवर शेतकरी कामगार पक्षाची आणि समाजवाद्यांची माणसं आकडे घेऊन उभी राहत होती, आणि सभापतींच्या खुर्चीत बसलेला माणूस स्वतः दुष्काळी गावातून आलेला होता. खालून दाब होता. आमच्या भागातल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. पाणी आपसूक उतरतं, चढवायचं तर पंप लावावा लागतो, तेही टेंभूसारखा एक नाही, टप्प्याटप्प्यानं पाच.

याच नजरेनं मी गेली दोन वर्षं पुन्हा बघितली. २०२४च्या लोकसभेत महायुतीला ४८पैकी १७ जागा मिळाल्या. सांगलीनं तर दोन्ही बाजूंना नाकारून वसंतदादांचे नातू विशाल पाटील यांना अपक्ष निवडून दिलं. निकाल ४ जूनला लागला, आणि २८ जूनच्या अर्थसंकल्पात ‘लाडकी बहीण’ आली. चोवीस दिवसांत. शक्तिपीठ महामार्गाचंही तसंच. नागपूर ते गोवा, ८०२ किलोमीटर. आमच्या जिल्ह्यात तो येतो तेव्हा ज्या रानांत नुकतं कुठं पाणी पोचलंय त्याच रानांतून जातो. लोकसभेच्या फटक्यानंतर सरकारनं हात आखडता घेतला, विधानसभेआधी कोल्हापुरातलं भूसंपादन मागं घेतलं. निवडणूक झाली, २३० आले, आणि २४ जून २०२५ला मंत्रिमंडळानं त्याच महामार्गाच्या भूसंपादनासाठी आणि आखणीसाठी २०,७८७ कोटींना मंजुरी दिली. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची द्राक्षबाग त्या आखणीत येते. पाण्यासाठी त्यांच्या दोन पिढ्या मोर्चात चालल्या, आता त्याच बांधावर मोजणीदार उभा राहतोय. मोबदला मिळेलही. पण ओलिताची जमीन परत विकत मिळत नाही, हे त्या घरात बसून कुणी समजून घ्यायला हवं.

एवढ्या मोठ्या बहुमतालाही दाब कळतो, हेही याच वर्षात दिसलं. पहिलीपासून हिंदीचा निर्णय २९ जूनला मागं घ्यावा लागला, कारण ५ जुलैचा मोर्चा समोर दिसत होता. ऑक्टोबरच्या शेवटी बच्चू कडूंनी नागपुरात रस्ते अडवले, तेव्हा कर्जमाफीला तारीख मिळाली, ३० जून २०२६. कर्जमाफी जाहीरनाम्यात होती. मार्चमध्ये मात्र शेतकऱ्यांना हप्ते भरा, परिस्थिती नाही, असं सांगून झालं होतं. दीड हजाराचे एकवीसशे करणार हेही जाहीरनाम्यात होतं. १० मार्चच्या अर्थसंकल्पात त्याचा उल्लेख नव्हता. योजनेला ३६,००० कोटी, आणि राज्याची महसुली तूट ४५,८९१ कोटी. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कारण समजतं. समजतं, पण मग प्रचारात ते का सांगितलं नाही, हा प्रश्न उरतोच.

आणि हे विचारायचं कुणी? मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. विधानसभेत विरोधी पक्षनेता नाही. एक दशांश सदस्य, म्हणजे २९, एका पक्षाचे हवेत असा संकेत सांगतात, आणि तेवढे कुणाचेच नाहीत. मार्चमध्ये भास्कर जाधवांचं नाव दिलं गेलं, निर्णय अजून व्हायचाय. ऑगस्टमध्ये अंबादास दानवेंची मुदत संपली आणि विधान परिषदेतलीही ती खुर्ची मोकळी झाली. विरोधी पक्षनेत्याचं पद मानाचं म्हणून मी हे म्हणत नाही. त्या माणसाला बोलायला वेळ मिळतो, कागद मिळतात, मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं. जुलैत जनसुरक्षा विधेयक आलं, कडव्या डाव्या संघटनांना आळा घालायचा म्हणून. त्यावर बारा हजारांहून जास्त सूचना लोकांनी पाठवल्या होत्या. सभागृहात मंजूर होताना उघड विरोध केला तो डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले यांनी, एकट्यानं. ज्या जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, तिथल्या शाळेत मी ते प्रकरण शिकवते. बाजूनं असो वा विरोधात, अशा कायद्यावर रात्र रात्र चर्चा व्हायला हवी होती. त्याच अधिवेशनात १७ जुलैला विधानभवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक एकमेकांवर धावून गेले. त्यातले एक आमदार आमच्याच जिल्ह्यातले. दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनी मला त्याबद्दल विचारलं. मी उत्तर दिलं, पण दिवसभर मला काही सुचलं नाही.

गणपतराव देशमुखांची मला त्या दिवशी फार आठवण झाली. अकरा वेळा सांगोल्यातून निवडून आले, त्यांतली बहुतेक वर्षं विरोधी बाकांवर. एसटीनं प्रवास, आणि सभागृहात आकड्यांसकट प्रश्न. त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचे आमदार कधीच सरकार पाडण्याएवढे नव्हते, तरी टेंभू आणि म्हैसाळचं पाणी सांगोल्यापर्यंत गेलं. आता त्यांचा नातू त्या सभागृहात आहे, पक्षाचा एकटाच. आबांचा मुलगाही आहे. आबा स्वतः विरोधी बाकांवरूनच मोठे झाले, १९९५ ते ९९च्या काळात प्रश्न विचारून विचारून. बाकं थोडी आहेत, पण त्यांवर बसायची परंपरा आमच्याकडं आहे, एवढा दिलासा मी स्वतःला देते. सत्तेतल्या आमदारांनीही उठून विचारावं, त्यासाठी विरोधी बाकावरच बसलं पाहिजे असं नाही. अनिलभाऊ सत्तेत असतानाही टेंभूसाठी भांडायचे, हे गाव विसरलेलं नाही.

गाव आज तात्यांसोबत फिरले. यंदा मे महिन्यापासून पाऊस. एप्रिल छाटणीनंतर ऊनच मिळालं नाही, काडी पिकली नाही, आता ऑक्टोबर छाटणी झाली तर बागेत घड मोजायला जावं लागतंय. तात्यांच्या दीड एकरात एका वेलीला कुठं पाच, कुठं एकही नाही. ज्या भागात पाण्यासाठी रडलो तिथं यंदा पावसानं बाग नेली. बँकेचा हप्ता मात्र तसाच उभा. सांगलीत मी कृष्णेकाठी राहते. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर पाणी गेलं तेव्हा आमच्या घरात कमरेएवढा पूर होता, आणि त्याच आठवड्यात आटपाडीकडं चारा छावण्यांत जनावरं बांधलेली होती. पुराचं पाणी दुष्काळी भागाकडं वळवायचा जागतिक बँकेच्या मदतीचा प्रकल्प मंजूर आहे. तो या पाच वर्षांत जमिनीवर दिसला, तर या बहुमताचं नाव आमच्या भागात पिढ्यानपिढ्या घेतील. मी हे मनापासून लिहितेय.

टेकाच्या पायथ्याशी पाइपलाइनचं चेंबर आहे. त्याचा व्हॉल्व्ह दोन वर्षं गळतोय. आवर्तन सुटलं की निम्मं पाणी ओढ्याला जातं, आणि पुढच्या पोटचारीला दाबच राहत नाही. तात्यांनी चार अर्ज दिलेत. एका कार्यालयात सांगतात हे आमच्याकडं नाही, दुसऱ्या कार्यालयात सांगतात ठेकेदाराची मुदत संपली. पूर्वी असं काही असलं की झेडपी मेंबरच्या दारात जायचं, तो फटफटीवरून यायचा, साहेबाला फोन लावायचा. जिल्हा परिषदेत मार्च २०२२पासून प्रशासक आहे. पावणेचार वर्षं. सुप्रीम कोर्टानं मे महिन्यात खडसावलं तेव्हा आता कुठं निवडणुका लागल्यात, विट्यात नगरपालिकेची धामधूम चाललीय, २ डिसेंबरला मतदान. झेडपीची तारीख अजून नाही. मुंबईत २३० आहेत आणि आमच्या गटात विचारायला एकही माणूस नाही.

चेंबरपाशी तात्या खाली बसले, हातानं गवत बाजूला केलं. आत थेंब थेंब चाललेलं होतं, आवर्तन नसतानाही. “वाडीला जायचं पानी ह्यातनंच जानार हाय,” म्हणाले. सहाव्या टप्प्यात वाडीचं नाव आहे. तसा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवलाय. ते पंचावन्न वर्षांचे झाले. ट्रकमध्ये बसून आटपाडीला गेलेल्या चाळीसांपैकी किती उरलेत, हे मी विचारलं नाही.

घरी आलो तर वहिनी अजून कट्ट्यावरच. आई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. ती सदुसष्ट वर्षांची, योजना पासष्टपर्यंतच, त्यामुळं तिला दीड हजार मिळत नाहीत. तिची त्याबद्दल तक्रार नाही. तिला काळजी वहिनींच्या पैशांची, कारण त्यातूनच नातीची विट्याच्या कॉलेजची एसटी निघते.

शेवटी त्रिशूरहून फोन आला. दादा मागं आवाज फार आहे म्हणून ओरडून बोलत होता. वहिनींनी स्पीकर लावला.

“आदी सांग, वाडीचं काय झालं? यंदा येतंय का पानी?”

“तुमी आकडा सांगा ओ पयला,” वहिनी म्हणाल्या, “धा मिनटांत जातोय त्यो.”

त्यानं एक एक आकडा सावकाश सांगितला. वहिनींनी सहाही आकडे टाकले, बटण दाबलं, आणि आम्ही चौघंही त्या छोट्या पडद्यावरचं फिरणारं चक्र बघत उभे राहिलो.